धार, खटका आणि साबण : अर्देशिर गोदरेज

मित्रांनो, 'गोदरेज' हा शब्द आपण पहिल्यांदा कुठं ऐकतो? आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारा. मुलीच्या लग्नात काय काय दिलं, तर पलंग, भांडी आणि 'गोदरेज'! मग ते कपाट कुठल्या का कंपनीचं असेना. लोखंडी कपाट म्हणजे गोदरेज, हे आपल्याकडं इतकं पक्कं बसलंय की त्या नावाचा एक जिवंत माणूस होता, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मी यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी. हॉस्टेलवर राहतो. माझ्याकडं एक घडीचा चाकू आहे, तुळजापूरला नवरात्रात घेतलेला. कैरी कापायला, पार्सलची दोरी तोडायला, पेन्सिलीला टोक करायला तो अख्ख्या मजल्यावर फिरत असतो आणि परत येतो तेव्हा त्याच्या खाचेत कुणाच्या तरी आंब्याचा रस वाळलेला असतो. हा चाकू स्वच्छ कसा ठेवायचा आणि बोट न कापता कसा वापरायचा, एवढंच लिहायचं मी ठरवलं होतं. पण वाचता वाचता मी अर्देशिर गोदरेज या माणसापाशी येऊन पोचलो. ह्या माणसानं आयुष्यात तीन मोठे उद्योग केले. पहिला शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा, दुसरा कुलपांचा, तिसरा साबणाचा. म्हणजे धार, खटका आणि स्वच्छता. घडीच्या चाकूला तरी याहून वेगळं काय लागतं? म्हणून ह्या लेखात त्यांचं चरित्र आणि चाकूची निगा दोन्ही एकत्रच सांगतो.

वकिली सोडलेला वकील

अर्देशिर यांचा जन्म १८६८ सालचा, मुंबईतल्या एका पारशी कुटुंबातला. वडील बुर्जोरजी, आई दोसीबाई. सहा भावंडांत अर्देशिर थोरले. घरचं मूळ आडनाव गुथेराजी असं होतं, ते वडिलांनी १८७१ च्या सुमारास बदलून गोदरेज केलं. म्हणजे ज्या नावावर पुढं भारतभर कुलपं विकली गेली, ते नाव स्वतः अर्देशिरांपेक्षाही वयानं लहान!

१८९० साली त्यांचं बच्चूबाईंशी लग्न झालं आणि वर्षभरातच घात झाला. १८९१ साली मुंबईच्या राजाबाई टॉवरवरून पडून बच्चूबाईंचा मृत्यू झाला. सोबत नात्यातलीच दुसरी तरुण मुलगी होती, तीही गेली. या प्रकरणाचा खटला चालला, सगळी मुंबई हादरली. अर्देशिर तेव्हा जेमतेम २३ वर्षांचे. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

शिक्षण वकिलीचं झालेलं होतं. १८९४ साली एका खटल्याच्या कामासाठी त्यांना पूर्व आफ्रिकेत झांझिबारला पाठवण्यात आलं. तिथं काम करताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्या अशिलाची बाजू जिंकायची तर सत्याला थोडा बाक द्यावा लागणार. वकिलीत हे चालतंच, असं त्यांना अनेकांनी समजावलं असेल. पण त्यांनी ऐकलं नाही. जे खरं नाही ते मी कोर्टात बोलणार नाही, अशी भूमिका घेऊन ते मुंबईला परत आले आणि वकिलीला कायमचा रामराम ठोकला.

आपल्यातले कित्येक जण शेवटच्या वर्षाला आल्यावर म्हणतात की आपली लाईन चुकली. अर्देशिरांची लाईन चुकली तेव्हा मागे पदवी होती, पुढं काहीच नव्हतं. त्यांनी एका औषधवाल्याकडं सहायकाची नोकरी धरली. आणि इथूनच आपल्या विषयाला सुरुवात होते.

धार

औषधांच्या दुकानात काम करताना त्यांना दिसलं की डॉक्टर लोकांना लागणारी हत्यारं, म्हणजे शस्त्रक्रियेचे छोटे चाकू, कात्र्या, चिमटे, हे सगळं विलायतेहून येतं. मग हे इथं का बनू नये? त्यांनी वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडं भांडवल मागितलं. कामांनी स्वाभाविकपणे विचारलं की वडिलांकडंच का मागत नाहीस? अर्देशिरांचं म्हणणं असं पडलं की वडील पैसे देतील, पण ते कर्ज म्हणून नव्हे तर देणगी म्हणून देतील, आणि मला देणगी नको आहे. कामांनी ३,००० रुपये दिले. १८९५ सालचे ३,००० रुपये ही लहान रक्कम नव्हे.

आता तो काळ लक्षात घ्या. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली होती. त्याआधीचे डॉक्टर खिशातल्या पेटीत घडीचे चाकू बाळगत. कासवाच्या पाठीच्या किंवा हस्तिदंती मुठीत मिटणारं पातं, अगदी आपल्या चाकूसारखं. दिसायला देखणे, पण मूठ आणि पातं यांच्यामधल्या फटीत रक्त आणि घाण अडकायची आणि एका रोग्याकडून दुसऱ्याकडं जायची. हत्यारं उकळून घ्यायची पद्धत आली तशी या नाजूक मुठी मागं पडल्या आणि अखंड धातूची, फट नसलेली हत्यारं आली. म्हणजे घडीचा चाकू शस्त्रक्रियेतून हद्दपार झाला तो धार कमी पडली म्हणून नव्हे, तर सांध्यातली घाण निघत नव्हती म्हणून!

आपल्या खिशातल्या चाकूत ती फट आजही तशीच आहे. आपण पातं पुसतो आणि चाकू स्वच्छ झाला असं समजतो. खरी घाण खाचेत असते. खिशातला दोऱ्याचा गुंता, पेन्सिलीचा भुसा, फळाचा रस सगळं तिथं साठतं, ओल धरून ठेवतं आणि आतून गंज सुरू होतो.

अर्देशिरांच्या काळी तर गंजाचा प्रश्न याहून मोठा होता. स्टेनलेस स्टील तेव्हा नव्हतंच. शेफील्डचे हॅरी ब्रेअर्ली यांनी ते १९१३ साली बनवलं. त्याआधी पातं म्हणजे साधं कार्बन स्टील. धार उत्तम घेतं, पण लिंबू किंवा कैरी कापून तसंच ठेवलं की तासाभरात काळं पडतं. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पात्यावर बसतो. मटेरियलच्या पेपरला आपण हे 'पॅसिव्ह लेयर' म्हणून लिहून आलोय. पण मिठाचं पाणी या थराला भेदतं. म्हणून स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं, असं नाही. मीठ-तिखट लावलेली कैरी कापून चाकू तसाच मिटवून ठेवला की सांध्यापाशी तांबडे ठिपके दिसणारच.

तर अर्देशिरांनी हत्यारं बनवली. चांगली बनवली. ज्या बड्या ब्रिटिश व्यापाऱ्याला ती विकायची होती, त्यानंही माल पसंत केला. अडचण एकच निघाली. अर्देशिरांना त्या हत्यारांवर भारतात बनवल्याचा शिक्का हवा होता. व्यापाऱ्याचं म्हणणं, माल घेतो पण शिक्का नको, भारतात बनलेलं हत्यार कुणी विकत घेणार नाही. अर्देशिर हटले नाहीत. व्यापारीही हटला नाही. धंदा बसला.

इथं थोडं थांबून विचार करण्यासारखं आहे. आपण फिटिंग शॉपमध्ये जॉब पूर्ण झाला की त्यावर पंचानं रोल नंबर ठोकतो. कशासाठी? सरांना मार्क देता यावेत एवढ्याचसाठी? तसं असेल तर मागच्या वर्षीच्या मुलाचा जॉब घेऊन, जुना नंबर घासून नवा नंबर ठोकणाराही पास होतोच, आणि असं होतं हे आपल्या सर्वांना माहीत आहे. पण नंबर ठोकणं म्हणजे हा माल माझा आहे, हा चुकला तर मला विचारा, असं सांगणं. ज्या हत्यारानं जिवंत माणसाच्या अंगावर काप द्यायचा आहे, त्यावर बनवणाऱ्याची ओळख नको, ही अट अर्देशिरांना मानवली नाही. नाव पुसलं की जबाबदारीही पुसली जाते. धंदा गेला तो ह्या एका शिक्क्यापायी. पण पुढचं सगळं आयुष्य त्या शिक्क्यावरच उभं राहिलं.

धारेबद्दल आपल्या कामाच्या दोन गोष्टी इथंच सांगून टाकतो. पहिली, बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त घातक असतो. धार नसली की आपण जोर लावतो, जोर लावला की पातं घसरतं आणि घसरलेलं पातं कुठं जाईल ते सांगता येत नाही. दुसरी, धार लावताना घाई नको. दगड पाण्यानं ओला करून पातं साधारण २० अंशांवर धरायचं आणि दोन्ही बाजूंनी सारख्या वेळा फिरवायचं. काठावर बारीक बर येतो, तो चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेनं ओढून काढायचा, न्हावी वस्तऱ्याला करतो तसं. धार लागली की नाही ते कागद कापून बघावं, अंगठा फिरवून नव्हे. सायकलच्या चाकावर दगड फिरवणाऱ्याकडून धार लावून घेतली तर त्याला सांगा की थांबून थांबून, पाण्यात बुडवून लाव. ठिणग्यांच्या वर्षावात पात्याचं टोक निळं पडलं की त्याचं टेम्परिंग गेलं. मग ती धार आठवडाभरही टिकत नाही.

खटका

हत्यारांचा धंदा बुडाल्यावर अर्देशिर पुन्हा मेरवानजी कामांकडंच गेले. मुंबईत घरफोड्या वाढल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात येत होत्या आणि घरांना चांगली कुलपं नाहीत अशी पोलिसांची तक्रार होती. अर्देशिरांनी ठरवलं, कुलपं करायची. एकदा पैसे बुडवून आलेल्या तरुणाला कामांनी दुसऱ्यांदाही मदत केली, हे त्यांचं मोठेपण. ७ मे १८९७ रोजी लालबागमध्ये सुमारे २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये काम सुरू झालं. २१५ चौरस फूट म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या दोन खोल्यांपेक्षा फार मोठी जागा नव्हे! आणि काळ कसला, तर मुंबईत प्लेगची साथ चालू होती. लोक शहर सोडून पळत होते. अशा दिवसांत ह्या माणसानं कारखाना काढला.

पुढं कामांचे पुतणे-भाचे मंडळींपैकी बॉइस नावाचे एक गृहस्थ भागीदार म्हणून आले. त्यांचा जीव या धंद्यात रमला नाही आणि ते लवकरच बाहेर पडले. पण कंपनीच्या नावातलं त्यांचं नाव कुणी काढलं नाही. 'गोदरेज अँड बॉइस' हे नाव आजही चालू आहे. ज्यानं अडचणीच्या वेळी हात दिला त्याच्या घरच्या माणसाचं नाव शंभर वर्षांवर टिकवून ठेवायचं, ह्यातही शिक्क्याचीच गोष्ट आहे.

आता कुलपाच्या आत काय असतं ते बघू. लिव्हर कुलपात पितळेच्या पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. किल्लीचा प्रत्येक दाता एकेक पट्टी नेमक्या उंचीला उचलतो, सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की दांडा सरकतो. त्या काळी प्रत्येक पट्टी जागेवर दाबून ठेवायला एक स्प्रिंग असायची. स्प्रिंग हजारो वेळा वाकते, थकते आणि एक दिवस मोडते. ह्यालाच आपण 'फटीग' म्हणतो. कुलूप बाहेरून धडधाकट दिसतं, पण आतून निकामी झालेलं असतं. अर्देशिरांनी स्प्रिंगच काढून टाकली. स्प्रिंगशिवाय चालणाऱ्या लिव्हर कुलपाचं पेटंट त्यांनी मिळवलं. कमजोर भाग मजबूत करण्यापेक्षा त्याची गरजच राहू नये असं डिझाइन करायचं, हा धडा कुठल्याही पुस्तकातल्या धड्यापेक्षा चांगला आहे.

त्यांनी आणखीही प्रकार केले. एका कुलपात चुकीची किल्ली फिरवली तर ते अडकून बसायचं, म्हणजे कुणीतरी हात घातला होता हे मालकाला कळायचं. दुसऱ्यात दोन किल्ल्या, एकीनं आतली रचनाच बदलता यायची. मग त्यांच्या लक्षात आलं की पेटीच कच्ची असेल तर कुलूप कितीही पक्कं असून उपयोग काय? तेव्हा १९०२ पासून तिजोऱ्या आल्या. त्या चोराला आणि आगीला दोन्हींना पुरून उरल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. धाकटे भाऊ पिरोजशा कारखान्यात आले, कारभार वाढला, १९२३ पासून लोखंडी कपाटंही बनू लागली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, आजूबाजूचा परिसर जळून गेला, तेव्हा राखेतून काढलेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाले. हे बघायला अर्देशिर हयात नव्हते.

घडीच्या चाकूचा सगळा धोका ह्याच ठिकाणी आहे, स्प्रिंगमध्ये. आपल्या यात्रेत मिळणाऱ्या बहुतेक चाकूंत पातं उघडं ठेवायला मुठीच्या पाठीत एक पट्टीची स्प्रिंग असते. ती पात्याला नुसती दाबून धरते, कुलूप लावत नाही. म्हणजे धारेच्या बाजूनं दाब दिला तर ठीक, पण टोक खुपसलं किंवा पाठीच्या बाजूनं दाब आला की पातं सरळ आपल्या बोटांवर मिटतं. म्हणून अशा चाकूनं खुपसायचं नाही, भोक पाडायचं नाही, डब्याचं झाकण उचकटायचं नाही. स्क्रूड्रायव्हर वेगळी वस्तू आहे!

काही चाकूंत खरा खटका असतो. पातं पूर्ण उघडलं की आतली पट्टी त्याच्या मागं येऊन बसते आणि ती बोटानं सरकवल्याशिवाय पातं मिटत नाही. हा प्रकार जास्त सुरक्षित, पण खटक्याच्या जागी मळ बसला की तो अर्धाच लागतो. वरून लागल्यासारखा दिसतो, आणि हीच फसगत होते. दर आठवड्याला एकदा पातं उघडून, बोटं मिटण्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, मूठ हातात धरून पात्याची पाठ टेबलाच्या कडेला हलकेच टेकवून दाबून बघा. हललं तर चाकू वापरू नका. पातं डावीकडं-उजवीकडं डुलत असेल तर सांध्याचं रिबिट ढिलं झालंय असं समजा.

मिटवताना बोटं खाचेत नकोत. मूठ एका हातात कडेनं धरायची आणि पात्याच्या पाठीवर दुसऱ्या हाताचा तळवा ठेवून मिटवायचं. मित्रानं चाकू मागितला तर मिटवून द्या, उघडा कधीच देऊ नका. कापताना पात्याची दिशा अंगाबाहेर असावी. पेन्सिल छातीशी धरून तासायची सवय सर्वांत वाईट. हातातून चाकू निसटला तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. पाय मात्र मागं घ्या. आणि हॉस्टेलवर हमखास होणारं एक काम, पाणी तापवायच्या रॉडची वायर चाकूनं सोलायची. प्लग काढल्याशिवाय त्या वायरीला चाकू लावणं म्हणजे मरणाला आमंत्रण. त्याला वायर स्ट्रिपर मिळतो, तो वापरा. मुळात खोलीत रॉड आणि चाकू चालतो की नाही ते रेक्टर सरांना विचारून घ्या. परीक्षेच्या हॉलमध्ये चाकू नेऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

एवढं करूनही बोट कापलं तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरा, स्वच्छ कापडानं दाबून ठेवा आणि हात वर धरा. दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही, जखम खोल असली किंवा बोट बधिर वाटलं तर सरळ दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा. हळद आणि चहापूड भरत बसू नका.

साबण

कुलपांचा धंदा जोरात असताना अर्देशिरांनी तिसरा उद्योग हाती घेतला, साबणाचा. त्या वेळी साबण बहुतेक जनावरांच्या चरबीपासून व्हायचा. कित्येक घरांत तो या कारणानंच वर्ज्य होता. अर्देशिरांनी वनस्पती तेलापासून साबण करून दाखवला. १९१८ च्या सुमारास त्यांचा पहिला साबण बाजारात आला, त्याचं नाव 'चावी'. कुलूपवाल्याच्या साबणाला दुसरं कोणतं नाव शोभणार! त्यानंतरच्या साबणाचं नाव त्यांनी 'नंबर २' ठेवलं आणि 'नंबर १' नंतर आणला. नंबर दोनच इतका चांगला तर नंबर एक कसा असेल, असं गिऱ्हाइकानं म्हणावं हा हिशेब. मार्केटिंगच्या सेमिनारला ही गोष्ट सांगून बघा!

हा स्वदेशीच्या चळवळीचा काळ. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला अर्देशिरांनी ३ लाख रुपये दिले. पण ते आंधळे स्वदेशीवाले नव्हते. देशी आहे म्हणून कमअस्सल माल गोड मानून घ्या, हे त्यांना पटत नसे. माल विलायतीच्या तोडीचा हवा, किंबहुना सरस हवा, मगच त्यावर देशाचं नाव घाला. हत्यारांच्या वेळी जो शिक्का त्यांनी पुसू दिला नाही, त्याची ही दुसरी बाजू. शिक्का पुसायचा नाही, आणि शिक्का आहे म्हणून कच्चा मालही खपवायचा नाही.

आता आपल्या चाकूचा साबण. आपल्या धाराशिवकडं बहुतेक ठिकाणी बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन पांढरट साका तयार होतो. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ब्युरेट धरून आपण हाच जडपणा मोजला होता. तो साका चाकूच्या सांध्यात गेला की पातं जड चालतं. म्हणून चाकू धुवायला शक्यतो पिण्याच्या फिल्टरचं कोमट पाणी घ्यावं आणि भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन थेंब. त्याचा साका होत नाही.

पद्धत सोपी आहे. चाकू पूर्ण उघडा. साबणाच्या पाण्यात जुना दात घासायचा ब्रश बुडवून खाच आणि सांधा घासा, ब्रश मुठीकडून टोकाकडं, धारेला आडवा नको. आतला वाळलेला मळ टूथपिकनं काढा. दुसऱ्या चाकूचं टोक घालून काढू नका. पातं चार-पाच वेळा उघड-मीट करून परत धुवा, स्वच्छ पाण्यातून काढा. मग सगळ्यात महत्त्वाचं, कोरडा करा. कापड पात्याच्या पाठीकडून धारेकडं पुसत न्यायचं, धारेवरून बोट फिरवायचं नाही. नंतर उघडाच, कुणाचा हात लागणार नाही अशा जागी तासभर ठेवा म्हणजे सांध्यातली ओल उडेल. पाण्यात भिजत टाकू नका, लाकडी किंवा हाडाची मूठ असेल तर ती फुगून तडकते. मूठ प्लास्टिकची असेल तर थिनर किंवा पेट्रोल लावू नका.

शेवटी सांध्यात तेलाचा एकच थेंब. शिलाई मशीनचं तेल उत्तम, पण त्याच चाकूनं फळं कापत असाल तर मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल घालू नका, ते हवेनं चिकट होतं आणि धूळ धरतं. जास्तीचं तेल पुसून टाका. कार्बन स्टीलचं पातं असेल तर पात्यावरूनही तेलाचा बोळा फिरवा. गंजाचे ठिपके दिसले तर खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पेस्ट लावून कापडानं चोळा, निघून जातात. आणि कच्चं मटण किंवा चिकन घडीच्या चाकूनं कापूच नये. लिस्टरनंतरच्या डॉक्टरांनी सांध्याचा चाकू का सोडला, ते वर सांगितलंच आहे.

मागं राहिलं ते

आयुष्याच्या उत्तरार्धात अर्देशिरांनी कारभार पिरोजशांच्या हाती सोपवला. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढं पिरोजशांनी विक्रोळीची विस्तीर्ण जमीन घेऊन कारखाना तिथं नेला आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्याही तिथं बनल्या. कोर्टात खोटं बोलायला नकार देऊन आलेल्या माणसाच्या कारखान्यात मतपेटी बनावी, हा योगायोग मला फार आवडतो.

त्यांनी बनवलेला शस्त्रक्रियेचा चाकू कुठल्याच कपाटात आज आपल्याला दिसणार नाही, कारण तो बाजारात पोचलाच नाही. पण अर्देशिरांचा खरा पहिला माल तोच, असं मला वाटतं. पुढची कुलपं, तिजोऱ्या, साबण हे सगळं त्या न विकलेल्या चाकवांनी शिकवलेल्या गोष्टीवर उभं आहे. ती गोष्ट एवढीच : वस्तूचा जो भाग गिऱ्हाइकाला दिसत नाही, तिथंच बनवणाऱ्याची परीक्षा असते. तिजोरीत पत्र्याच्या आतला थर, कुलपात स्प्रिंग, साबणात चरबी. आणि वापरणाऱ्याची परीक्षाही तिथंच. चमकणारं पातं कुणीही पुसतो, खाच कोण धुतो ते महत्त्वाचं.

तेव्हा मित्रांनो, ज्याच्या ज्याच्याकडं घडीचा चाकू आहे त्यानं येत्या रविवारी तो उघडून उजेडात खाचेत बघावं. आणि पुढच्या सेमिस्टरला जॉबवर रोल नंबर ठोकताना हातोडी उचलण्याआधी एकदा स्वतःला विचारावं की हा जॉब खरंच माझा आहे का. उत्तर हो असेल तर जोरात ठोका!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी